बरणीतली पिल्लं

माणसाने घर सोडताना मागे काय काय टाकून जावं याला काही धरबंध असावा. माझा नवरा दोन गोष्टी टाकून गेला. एक, समुद्राच्या खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. दुसरी, स्वतःची आई.

बाकी सगळं नेलं त्याने. इस्त्रीसुद्धा. दुसऱ्या शहरात नवी नोकरी, नवा फ्लॅट आणि थोड्याच दिवसांनी फोन, "हे बघ, आपलं काही जमत नाही, तुलाही माहीत आहे." मला माहीत होतं. नवरा गेल्याचा राग मला फार दिवस पुरला नाही. खरं सांगायचं तर घरात जरा मोकळं वाटायला लागलं. पण तो आईला टाकीशेजारच्या खुर्चीत बसवून निघून गेला, याचा राग वर्ष होत आलं तरी ताजा होता.

टाकीसाठी त्याचे रोज व्हॉइस मेसेज यायचे. पाण्याचा खारटपणा मोजलास का? काचेवर शेवाळ चढलंय का? फिल्टरचा स्पंज धुतलास ना, आणि नळाच्या पाण्याने नाही ना धुतलास? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आईसाठी रविवारी एक फोन आणि त्यात एकच प्रश्न, "बरी आहेस ना?" याला नाही म्हणायची सोयच नसते. सासूबाई "हो रे, अगदी छान" म्हणायच्या आणि फोन ठेवल्यावर मला सांगायच्या, "आवाज दमलेला वाटला गं त्याचा. फार राबवतात माझ्या पोराला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर नळ्या, काचपट्ट्या आणि सूक्ष्मदर्शक, घरी आलं की सासूबाईंच्या गोळ्या, गुडघ्यांचं तेल, डॉक्टरकडच्या फेऱ्या. आणि राबतो कोण, तर चिरंजीव! पण बोलणार काय? मी भांडी जरा जोरात आपटायचे, त्या टीव्हीचा आवाज जरा मोठा करायच्या, असा आम्हा दोघींचा संसार चालला होता.

टाकीतले मासे त्याच्या काळातच एकेक करून मेले होते. उरले होते ते शंखात राहणारे लाल पायांचे खेकडे, ज्यांना हर्मिट क्रॅब म्हणतात. या प्राण्याला स्वतःचा शंख नसतो. गोगलगाय मेली की तिचा रिकामा शंख पटकवायचा, आपलं मऊ पोट त्यात खुपसायचं आणि तो ओढत हिंडायचं. सासूबाई त्यांना शंखोबा म्हणायच्या. मी कामावर असताना त्या त्यांच्याशी गप्पा मारायच्या, हे मला शेजारणीकडून कळलं होतं.

एक दिवस मी घरात पाऊल टाकायच्या आत त्या म्हणाल्या, "अगं, एका शंखोबाला काहीतरी झालंय. पोटाला गळू आलंय बहुतेक."

मी टाकीसमोर वाकले. एक खेकडा शंखातून अर्धवट बाहेर आला होता. त्याच्या पोटाला जांभळट दाण्यांचा घोस चिकटलेला होता आणि त्या घोसाला तो बारीक पायांनी वारा घालत होता.

"आई, हे गळू नाही. अंडी आहेत. आणि हा शंखोबा नाही, बाई आहे."

"अगं बाई! पहिलटकरीण?"

"ते मी कसं सांगणार?"

"चेहऱ्यावरून कळतं," असं म्हणून त्यांनी चष्मा चढवला आणि खेकड्याचा चेहरा निरखायला लागल्या.

त्या दिवसापासून घराचं वळणच बदललं. दार हळू लावायचं. टीव्ही हळू. भांडी तर आपटायचीच नाहीत, बाळंतपण जवळ आलंय. मला हसू यायचं, पण मीही लॅबमधून आले की आधी टाकीकडे जायला लागले. शोधशोध करून वाचलं. यांची अंडी फुटली की पिल्लं खेकड्यासारखी नसतातच. डोळेच डोळे असलेले ठिपके, पाण्यात तरंगणारे. घरच्या टाकीत ती कधी जगत नाहीत, कारण फिल्टर त्यांना ओढून घेतो, आणि त्यातून वाचलीच तर उपाशी मरतात. वाचली, वाढली, तर शेवटी कात टाकून ती इवल्याशा खेकड्यांची होतात, तळाला उतरतात आणि मग त्यांना शंख लागतो, तिळाएवढा. नसला तर मरतात. एकूण मरायचे रस्ते पुष्कळ आणि जगायचा एकच.

"मग तोच धरायचा," सासूबाई म्हणाल्या, जणू बाजारात जायचा रस्ता विचारला होता.

एका संध्याकाळी टाकीचा दिवा मालवला आणि ती बाई सगळ्यात उंच दगडावर चढली. शंखातून बाहेर येऊन तिने अंगाला झटका दिला. पाण्यात करडा धूर सोडल्यासारखं झालं. पुन्हा झटका, पुन्हा धूर. मी धावत जाऊन फिल्टरचा पंप बंद केला. सासूबाई गुडघे विसरून स्टुलावर बसल्या आणि त्यांनी काचेच्या एका कोपऱ्याशी बॅटरी धरली. पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, हे मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. मी ड्रॉपरने त्यांना अलगद उचलून मोठ्या तोंडाच्या काचेच्या बरणीत सोडत गेले. आयुष्यभर ड्रॉपर धरून जे शिकले ते त्या संध्याकाळी कामी आलं. सासूबाईंचा हात भरून आला तरी बॅटरी हलली नाही.

मग सुरू झाली खरी उसाभर. कपाटात नवऱ्याने ठेवलेली खाऱ्या पाण्यातल्या किड्यांची सुकी अंडी होती. ती मिठाच्या पाण्यात भिजवली की दुसऱ्या दिवशी त्यातून वळवळणारे कण निघायचे, ते पिल्लांचं खाणं. खाणं चिमूटभरच, दोनदा. सकाळी मी घालायचे, दुपारी सासूबाई. तळाचा गाळ नळीने ओढून काढायचा, तेवढंच ताजं खारं पाणी भरायचं, हवेचा बुडबुडा सावकाश सोडायचा. मरायची तीही रोज मरायची. तरी बरीच उरली. दुपारी सासूबाई टाकीच्या वाळूची जादा पिशवी ताटात ओतायच्या आणि तांदूळ निवडावेत तसे त्यातून तिळाएवढे शंख निवडून वाटीत ठेवायच्या. मी आले की वाटी पुढे करायच्या. "बघ, आज किती सापडले. यांची लग्नं होईपर्यंत पुरतील."

भांडण आमचं कधी थांबलं ते मला सांगता यायचं नाही. पण त्या दिवसांत मी कामावरून घाईने घरी यायचे, हे खरं.

आणि मग रविवार आला. "बरी आहेस ना?" या प्रश्नाला सासूबाईंनी पहिल्यांदाच वेगळं उत्तर दिलं.

"अरे, मला वेळच नाही. पिल्लं सांभाळतेय मी."

"कसली पिल्लं?"

त्यांनी सांगितलं. फोन स्पीकरवर होता. मग तो इतका बोलायला लागला, इतका बोलायला लागला, की लग्नाच्या इतक्या वर्षांत मी त्याच्याकडून एवढं सलग ऐकलं नव्हतं. त्याच्या टाकीवाल्या ग्रुपमध्ये हे कुणालाच जमलं नव्हतं. घरच्या टाकीत! बरणीत! फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा. आणि मग, "आई, मी शनिवारी गाडी घेऊन येतो. टाकी, बरणी, सगळं घेऊन जातो. आणि तूही चल माझ्याकडे. मला ऑफिसमुळे दिवसभर बघायला जमणार नाही, आणि पिल्लांना तुझा हात मानवलाय."

आयत्या बिळावर नागोबा! मी फोन हिसकावून घेणार होते. पण सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि हात मागे घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चल म्हणाला," फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या. "ऐकलंस ना? चल म्हणाला मला."

"पिल्लांसाठी म्हणाला."

"तू उगाच काहीतरी काढू नकोस."

मी काही काढत नव्हते. सरळ ऐकलं तेच सांगत होते. घरात आया ठेवतात ना, तशी तो आई ठेवणार होता, आणि तीही खेकड्यांसाठी. पण त्या आठवड्यात सासूबाईंपुढे कोण काय बोलणार? त्यांनी कपाट उपसलं. बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. शेजारणीला जिन्यात गाठून सांगितलं, "मुलगा न्यायला येतोय." खालच्या वाण्यालाही सांगितलं. मी मुकाट्याने कामावर जात होते आणि लॅबमध्ये कारण नसताना लोकांवर खेकसत होते. मला नक्की कशाचा राग येतोय, तेही धड कळत नव्हतं. त्या जाणार याचा, की इतक्या आनंदाने जाणार याचा.

शुक्रवारी सकाळी मी बरणीपाशी गेले. पाणी दुधाळ झालं होतं. वास येत होता. तळाला पांढुरका थर बसला होता आणि त्या थरात माझी सगळी पिल्लं होती. बॅटरी धरली, बरणी फिरवली, भिंग लावलं. एकही हलत नव्हतं. काहींनी तर शेवटची कात टाकली होती. आणखी थोडं तगली असती तर शंखात शिरली असती.

"काल किती घातलंत?" मी ओरडले. "आई, किती घातलंत खाणं?"

त्या मागे उभ्या होत्या. "जरा जास्त घातलं. तो येणार म्हणून... म्हटलं, जरा बाळसं धरू दे. रोडावलेली दिसली असती तर त्याला वाटलं असतं मी नीट बघत नाही."

जास्त खाणं पाण्यात सडलं आणि सगळं पाणीच विष झालं. जी बाई मला रोज चिमूट मोजायला लावायची, तिने लेक येणार म्हणून मूठ भरून घातली. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग बरणी मोरीत नेली, रिकामी केली, स्वच्छ धुतली, ताजं खारं पाणी भरून पुन्हा जागेवर आणून ठेवली.

मी फोन उचलला. निदान त्याला कळवायला तर हवं होतं.

"सांगू नकोस त्याला," त्या म्हणाल्या.

"का?"

"एकदा आला की आला. आल्यावर सांगू."

म्हणजे यांना कळत होतं. पहिल्या दिवसापासून, अक्षर न् अक्षर कळत होतं. तो कशासाठी येतोय, कुणासाठी येतोय. आणि तरी बॅग भरली होती. मी फोन खाली ठेवला आणि तशीच कामावर निघून गेले.

शनिवारी तो आला. पाण्याचे कॅन, थर्माकोलचे डबे, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, थर्मामीटर, टाकी गुंडाळायला दोन रजया. आईच्या सामानासाठी काय आणलं होतं, ते मला दिसलं नाही. सासूबाई केस विंचरून, चांगले कपडे घालून खुर्चीत बसल्या होत्या. "आई, कशी आहेस," असं म्हणत तो त्यांच्या समोरून तसाच पुढे गेला तो थेट बरणीपाशी.

"दिसत नाहीयेत."

"गेली रे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हातून खाणं जास्त पडलं."

"सगळी?"

"सगळी."

तो जमिनीवर बसला. दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्याचा आवाज कापरा झाला, "आई, अगं असं कसं केलंस?" आणि खरंच डोळे पुसले त्याने. त्याचे वडील गेले तेव्हा मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. घर सोडून गेला तेव्हा जिन्यात शीळ घालत होता. आणि आता त्याला रडू येत होतं. मला वाटलं, ती बरणी उचलावी आणि त्याच्या डोक्यावर उपडी करावी.

मग साहेब सावरले. खेकडे होतेच की. ती बाई होती, ती पुन्हा अंडी घालेल. त्याने खेकडे एकेक करून डब्यात ठेवले, ओला स्पंज, कोमट पाणी, हवेची नळी. इतक्या हळुवार हाताने की बघत राहावं.

"मग मी बॅग आणू ना रे?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, आत्ता जागा कुठे आहे गाडीत? मागे टाकी, दगड, पाणी. पुढच्या सीटवर हा डबा ठेवायला लागेल, यांना धक्का चालत नाही. मी पुढच्या महिन्यात येतो ना, खास तुझ्यासाठी."

"बरं," त्या म्हणाल्या.

टाकी एकट्याने उचलण्यासारखी नव्हती. ती खाली न्यायला मी हात लावला, तेवढ्यासाठीच, की ती एकदाची घरातून जावी. जिना उतरायला आम्हाला बराच वेळ लागला. मागची सीट आडवी पाडून टाकी सरकवली, पुन्हा वर जाऊन दगड आणले, पाण्याचे कॅन आणले. या येण्याजाण्यात सासूबाई कधी उतरल्या ते कळलंच नाही. तो शेवटी डबा घेऊन गाडीपाशी आला, तर त्या पुढच्या सीटवर बसलेल्या. बॅग पायाशी. नजर समोर.

"आई, उतर ना."

"दे तो डबा. मांडीवर घेते मी. जराही धक्का लागू देणार नाही."

तो मला बाजूला घेऊन कुजबुजला, "तूच सांग ना तिला. तुझं ऐकते ती."

वर्षभर साठलेलं सगळं तिथे, भर रस्त्यात बाहेर पडलं. "मी का सांगू? तुझी आई आहे. जा, काचेपाशी उभा राहा आणि तुझ्या तोंडाने सांग, आई, तू मला नको आहेस! तू घर सोडलंस हे माझ्या आईला मी सांगितलं, आपलं मोडलं हे तुझ्या आईलाही मीच सांगितलं. आता हेही मीच सांगू? इस्त्री नेलीस ना रे आठवणीने? मग ही कशी राहिली?"

वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन उभा राहिला. नवऱ्याने हातातल्या डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाणी गार होतंय," तो म्हणाला.

एवढंच. मी त्याच्याशी बोलायचं सोडून दिलं आणि गाडीकडे गेले. काच खाली होती.

"आई, उतरा. तो नेणार नाहीये."

"माहीत आहे."

"मग कशाला बसलात?"

"त्याने एकदा चल म्हणावं म्हणून. पिल्लं नसताना." त्या अजून समोरच बघत होत्या. "तेवढ्यासाठीच बसले होते."

"मी म्हणते ना. उतरा, घरी चला."

"तू म्हणशील. तुझ्या गळ्यात पडले मी, तुला म्हणावंच लागतं."

"कोण म्हणालं गळ्यात पडलात? मी म्हणाले कधी?"

"तसं नाही म्हणालीस." आता त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "पण राहा, असंही कधी म्हणाली नाहीस. गोळ्या दिल्यास, दवाखान्यात नेलंस, भांडी आपटलीस. वर्षभरात एकदा तरी म्हणालीस का गं, की आई, तुम्ही मला हव्या आहात?"

खरंच होतं ते. म्हणून मला आणखीच राग आला. "हव्या आहात!" मी ओरडले, सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "मला हव्या आहात तुम्ही! आठवडाभर मी लॅबमध्ये लोकांचं डोकं खाल्लं ते कशामुळे, तुम्ही जाणार म्हणून! आता उतरता का, की आणखी लिहून देऊ?"

मग वाकून त्यांनी पायाशी ठेवलेली बॅग उचलली आणि खिडकीतून माझ्या हातात दिली. दार उघडलं. एक पाय खाली टेकला, गुडघा धरला, दुसरा टेकला. मी हात दिला तो त्यांनी घेतला. लेकाकडे त्यांनी बघितलं नाही.

त्यांचा हात दारावरून निघतो न निघतो तोच तो पुढे झाला. त्याने खेकड्यांचा डबा रिकाम्या सीटवर ठेवला, सीटबेल्ट ओढला आणि डब्याला नीट लावला.